ईबी-५चा अर्ज रखडलाय तेव्हा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ईबी-५चा, म्हणजे अमेरिकेत गुंतवणूक करून ग्रीन कार्ड मिळवायचा, तुझा अर्ज रखडलाय हे कळलं. रोज उठल्या उठल्या केस स्टेटस बघणं आधी बंद कर. आठवड्यातून एकदा बघितलंस तरी पुरे. निकाल कधी लागेल हे तुझा वकीलही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. २०२२च्या कायद्याने ग्रामीण प्रकल्पांच्या अर्जांना प्राधान्य दिलंय आणि तू पैसे गुंतवलेस तो प्रकल्प त्यातलाच, ही जमेची बाजू. पण प्राधान्य आहे म्हणून तारीख ठरलेली नसते.

मला काळजी आहे ती पुराव्यांची. यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, आरएफईची नोटीस पाठवून आणखी कागद मागितले, तर उत्तराला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात, वर मुदतवाढ नाही. बाबांनी जमीन विकून ८ लाख डॉलर उभे केले. एलआरएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, म्हणून आई, काका, काकू सगळ्यांच्या खात्यांतून पैसे गेले. आता प्रश्न आलाच तर त्या प्रत्येक खात्याबद्दल येणार. काकांकडे रक्कम कुठून आली? त्यांनी तुला दिली त्याचं बक्षीसपत्र कुठे? त्यांची आयकर विवरणपत्रं? आणि जमिनीचं तर विचारूच नकोस: खरेदीखत, सातबारा, आजोबांनंतर बाबांचं नाव लागलं तो फेरफार, शिवाय प्रत्येक मराठी कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. हे सगळं १२ आठवड्यांत अमेरिकेत बसून जमवायचं म्हणजे घरच्यांची दमछाक. आज हाताशी वेळ आहे, तो यासाठी वापर.

एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा सोडू नकोस. आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डासाठी करायचा अर्ज) सोबत वर्क परमिट आलं की अनेकांना वाटतं, आता विद्यार्थी व्हिसा हवा कशाला. पण मूळ ईबी-५चा अर्ज नामंजूर झाला तर ४८५ही जातो, आणि मग पायाखाली काहीच उरत नाही. ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, हातात पडेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नकोस. अर्ज सोडून दिला असं धरतात. आजीला भेटायची ओढ मला कळते, तरीही सांगते.

फेडरल कोर्टात मॅन्डॅमसचा, म्हणजे खात्याला निर्णय द्यायला लावणारा, दावा लावावा का, असं विचारलंयस. यूएससीआयएस खुन्नस काढेल या भीतीने मागे हटू नकोस, तो तिथला रीतसर मार्ग आहे. फक्त कोर्ट 'निर्णय द्या' एवढंच सांगतं, 'मंजूर करा' म्हणत नाही. अर्धवट फाइलवर घाईने निर्णय मागशील तर नकारच पदरात पडेल. म्हणून आधी फाइल पुरी कर, मग वकिलाशी बोल.

या रविवारी काकांना फोन लाव. पैसे पाठवले त्या वर्षाची बँक स्टेटमेंटं शिक्क्यासह मागून घे, आणि फेरफाराची नक्कल तहसील कार्यालयातून काढायला बाबांना सांग.

तुझी,
मावशी