पटावरची सवलत : घोडा द्यावा की वेळ?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या वाचनालयाच्या ओसरीवर मुले बुद्धिबळ खेळायला येऊ लागली. परंतु माझ्याशी खेळताना ती रोज हरतात, आणि सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर त्यांतली निम्मी परत आलीच नाहीत. एकदा मी जाणूनबुजून हरलो, तर अकरा वर्षांची एक मुलगी मोहरे डब्यात भरता भरता म्हणाली, "गुर्जी, तुमी मुद्दाम हरले." वजीर काढून खेळलो, तेही जमले नाही. असा डाव न्याय्य व्हावा यासाठी काही रूढ पद्धत आहे काय?

उत्तर : आहे, आणि ती जुनी आहे. आधी त्या मुलीविषयी लिहितो. तिने आपली चूक अचूक पकडली. लपून दिलेला विजय मुलांना ओळखू येतो आणि तो त्यांना लागतो. उघडपणे दिलेली सवलत लागत नाही, कारण तीत दोघांनाही पूर्ण ताकदीने खेळता येते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोपात तगड्या खेळाडूने सवलत देऊनच खेळणे सर्रास चाले. सर्वांत लहान सवलत म्हणजे 'प्यादे आणि पहिली चाल'. यात तगडा खेळाडू काळे मोहरे घेतो आणि आपल्या राजाच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे आधीच उचलून ठेवतो. तेच प्यादे का, याचे कारण असे की डावाच्या आरंभी त्या घराची राखण एकटा राजाच करत असतो, त्यामुळे प्यादे गेले की राजाचा आडोसाच जातो. त्याच्या पुढची पायरी 'प्यादे आणि दोन चाली' (म्हणजे दुबळ्याला आरंभी सलग दोन चाली), मग घोडा, मग हत्ती आणि शेवटी वजीर. घोडा किंवा हत्ती देताना तो वजिराच्या बाजूचा द्यायचा, आणि देणाऱ्याने पांढरे मोहरे घ्यायचे, असा रिवाज होता. अमेरिकेचा पॉल मॉर्फी १८५९ साली युरोप गाजवून परतला, तेव्हा त्याने प्यादे आणि पहिली चाल दिल्याखेरीज कोणाशी सामना खेळण्याची तयारी दाखवली नाही.

वजिराची सवलत आपल्याकडे का फसली, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझे मोठे काका वजीर उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवत, आणि माझे अर्धे लक्ष पटाऐवजी त्या फुगलेल्या खिशाकडे लागे. वजीर नसला की डावाचा नेहमीचा आकारच उरत नाही. जिंकले तरी समाधान नाही, आणि हरले तर दुप्पट शरम. पुढे त्यांनी घोडा दिला, तेव्हा मी कितीतरी डाव हरलो, पण खरा खेळ तिथून सुरू झाला. एक घोडा जास्त असणाऱ्याने मोहऱ्यास मोहरा मारत जावे, कारण पट जसजसा रिकामा होतो तसतसा तो एक घोडा भारी ठरतो. देणाऱ्याने मात्र मारामारी टाळून गुंतागुंत वाढवावी. हा धडा मुलांना हातात मोहरे असताना जितका लवकर समजतो, तितका फळ्यावर समजत नाही. म्हणून नवख्यांसाठी मी घोड्यापासून सुरुवात करण्यास सांगेन. सलग तीन डाव जिंकणाऱ्याची सवलत एका पायरीने कमी करावी, आणि कोण कोणत्या पायरीवर आहे ते वाचनालयातल्या फळ्यावर लिहून ठेवावे. पूर्वी खेळाडूची पायरी अशीच सांगत, की अमुक जण घोडा घेऊन खेळणारा आहे.

जपान व चीनमधील गो या खेळात दुबळ्याला सुरुवातीलाच २ ते ९ सोंगट्या पटावर ठेवायला मिळतात आणि त्याने खेळाचे रूप फारसे बिघडत नाही. बुद्धिबळात मात्र मोहरा काढला की सुरुवातीच्या शिकलेल्या चाली निरुपयोगी होतात, ही खरी उणीव आहे. म्हणून थोड्याच फरकाच्या खेळाडूंना वेळेची सवलत बरी : मुलाला १५ मिनिटे, आपल्याला ५. घड्याळ नसेल तर मोबाइलवरचे चालते. पण आपल्यासारख्या अनुभवी माणसाला ५ मिनिटे पुरतात, हे ध्यानात असू द्यावे. फरक मोठा असेल तर वेळ हा उपाय अपुरा आहे. जवळपास बरोबरीच्या दोघांत, बरोबरीत सुटलेला डाव काळ्याचा विजय मानावा. त्याच्या मोबदल्यात पांढऱ्याला थोडा अधिक वेळ द्यावा.

स्पर्धांमधून या सवलती मागे पडल्या, आणि आज खेळाडूचे बळ गुणांकनाने मोजतात. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९७० साली अर्पाद एलो यांची पद्धत स्वीकारली. तीत गुणांकनात २०० ने वरचढ असलेल्याकडून १०० डावांत सुमारे ७६ गुणांची (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) अपेक्षा असते. गावातल्या ओसरीवर मात्र समान बळाचे जोडीदार निवडायला मिळत नाहीत, म्हणून तिथे जुनीच रीत उपयोगी.

त्या मुलीला घोडा द्यावा. हत्ती द्यायची वेळ आली, तर त्या बाजूला किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करता येणार नाही, हे डाव मांडण्याआधीच दोघांनी ठरवून घ्यावे.