मेसेज नाही, किल्ली जाते

निपाणीच्या मित्रानं विचारलंय, क्वांटम कम्युनिकेशननं मेसेज शून्य वेळात पोचतो आणि मधे कुणाला चोरता येत नाही, हे खरं का? पहिलं साफ चूक. दुसरं बरंचसं खरं, पण चोरता येत नाही असं नव्हे; चोरलं की कळतं. आणि यात जाते ती फक्त किल्ली, म्हणजे मेसेज कुलूपबंद करायची ०-१ अशा बिटांची गुप्त माळ.

मी बेळगाव-खानापूर पट्ट्यात बरीच वर्षं फायबर जोडायचं काम करतोय. आमच्याकडं चिमट्यासारखं एक यंत्र असतं. चालू फायबर त्यात जराशी वाकवली की थोडा उजेड बाहेर सांडतो आणि लाईन सुरू आहे की बंद ते कळतं. फायबर तोडावी लागत नाही, पलीकडच्याला पत्ताही लागत नाही. नेहमीच्या एका बिटात ढीगभर फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, असतात. दोनचार गळाले तर कुणाचं काय बिघडतं?

क्वांटममध्ये बिटाला एकच फोटॉन. तो पळवला तर पलीकडं पोचतच नाही, म्हणजे किल्लीत धरलाच जात नाही. मग चोर म्हणेल, वाचतो आणि तसाच दुसरा पाठवतो. पण अनोळखी फोटॉनची हुबेहूब नक्कल होत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय. बेनेट आणि ब्रासार्ड या शास्त्रज्ञांच्या १९८४ च्या पद्धतीत फोटॉन (म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा) उभा, आडवा किंवा दोन तिरप्यांपैकी एक असा धाडतात. उभा-आडवा ही एक जोडी, तिरपे ही दुसरी. चुकीच्या जोडीनं मोजलं की उत्तर म्हणजे निव्वळ छापा-काटा. नंतर दोघं साध्या फोनवर फक्त जोडी सांगतात (पलीकडं खरंच आपलाच माणूस आहे ना, ही खात्री आधी हवीच), जोडी न जुळलेले बिट टाकून देतात आणि उरलेल्यांतले थोडे ताडून बघतात. चोरानं प्रत्येक फोटॉन मोजून पुढं सोडला असेल, तर इथं १०० त सरासरी २५ चुका निघतात. किल्ली फेकायची, परत सुरू. फोटॉन म्हणजे उजेडच, वर हा फोनही लागतोच, म्हणून प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही. मेसेज पुढं त्या किल्लीनं बंद होऊन आपल्या नेहमीच्याच इंटरनेटवरून जातो.

खरं दुखणं अंतराचं. चांगल्या फायबरमध्येही किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल घट, म्हणजे दर ५० किलोमीटरला दहावा हिस्साच उरतो. बेळगाव-कोल्हापूर ११० किलोमीटर धरा, हजारातले सहाच फोटॉन पोचतील. बंगळूर ५०० धरलं तर हजार कोटींत एक! मधे उजेड वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवू म्हणाल, तर तो नक्कल करणाराच, इथं बाद. म्हणून हुबळी, दावणगेरे अशा टप्प्यांवर किल्ली उघडून पुढच्या टप्प्याच्या किल्लीनं पुन्हा बंद करावी लागते. म्हणजे त्या खोलीतल्या माणसावर भरवसा आलाच. मला तरी हे खटकतं. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडं २०२२ मध्ये आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओनं प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरहून जास्त अंतरावर, आधीच टाकलेल्या फायबरवरून अशी किल्ली पाठवून दाखवली. २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं लक्ष्य उपग्रहामार्फत २००० किलोमीटरचं आहे. वर हवाच नाही, त्यामुळं तिथं घटही कमी.