पाऊस तर थांबून-थांबून सरींनी पडत होता, मग पऱ्याला, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला, एकाएकी पूर कसा आला?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये याहून मोठ्या सरी येऊन गेल्या तेव्हा पऱ्या हलला नाही, आणि परवा अर्ध्या तासाच्या सरीने पाणी रस्त्यावर आलं. अहो, तो जून होता, हा जुलै. फरक तिथेच आहे.

मी चिपळूणजवळचा. एका वर्षी परसात माडांसाठी खड्डे काढून ठेवले होते. जूनमध्ये रात्री भरलेला खड्डा सकाळी रिकामा. जुलैच्या मध्यावर दोन दिवस उघडीप होती, तरी खड्ड्यात वीतभर पाणी! तेही नितळ, म्हणजे वरून पडलेलं नव्हे, बाजूच्या मातीतून पाझरलेलं. आमचा जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड, पाणी भरपूर पितो, पण त्याचंही पोट कधीतरी भरतं. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावर, तर कातळावर चार बोटं माती, ती आधीच भरते.

हिशोब करून बघा. २० मिलिमीटरची सर एक चौरस किलोमीटरवर पडली की २ कोटी लिटर पाणी होतं. सुरुवातीला त्यातलं बरंचसं मुरतं. जमीन भरल्यावर बहुतेक सगळं उतारावरून थेट पऱ्यात. त्यात पहिल्या सरीचं पाणी ओसरायच्या आत दुसरी आली की लोंढ्यावर लोंढा. आणि सर वर डोंगरात पडत असेल तर तुमच्या अंगणात ऊनसुद्धा असू शकतं.

(२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर मात्र यात धरू नका. तो रात्रभर कोसळलेला पाऊस होता, शिवाय वाशिष्ठी नदीत भरतीचं पाणी. धरणाच्या पाण्यावरून आमच्याकडे अजून वाद होतात, त्यात मी पडत नाही.)

हवामान विभाग २०२० पासून अशा अचानक येणाऱ्या पुराचा इशारा वेगळा देतो. त्यात पावसाबरोबर जमीन किती भिजलेली आहे तेही बघतात आणि सहा तास आधी धोका सांगतात. नुसत्या ऑरेंज-रेड अलर्टपेक्षा मला तो जास्त कामाचा वाटतो.

तो हाताशी नसेल तर पऱ्याकडे बघा. स्वच्छ वाहणारं पाणी एकाएकी चहासारखं झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, की गाडी साकवाच्या, म्हणजे पऱ्यावरच्या छोट्या पुलाच्या, अलीकडेच लावा. असं पाणी बहुतेकदा तासा-दोन तासांत उतरतं.