आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या तासाला मुलं रमतील असे कोणते खेळ घेता येतील?

तुम्ही लिहिलंय की नुकत्याच हायस्कूलला विज्ञान शिकवायला लागलात, स्मार्ट बोर्डवरच्या क्विझला मुलं चार दिवसांत कंटाळली, आता दुसरे खेळ हवेत. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका हायस्कूलमध्ये वीस वर्षांहून जास्त विज्ञान शिकवलं आहे, म्हणून लिहिते.

क्विझला मुलं कंटाळली यात मुलांचं काहीच चुकलेलं नाही. क्विझ म्हणजे तोंडी परीक्षा. ज्याला येतं तो हात वर करतो, बाकीचे तीस जण बघत बसतात. माझ्या मते खेळ तोच, ज्याचा नियम आणि विज्ञानाचा नियम एकच असतो. मुलं खेळाच्या नियमाने वागली की धडा आपोआप घडला पाहिजे. असे खेळ फार नाहीत, पण जे आहेत ते एकेक दहा क्विझना भारी आहेत.

माझा सगळ्यात आवडता खेळ दोरीचा. दहावीला विजेचा धडा चालू होता. फळ्यावर एक सेल आणि सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, दोन बल्ब काढले आणि विचारलं, पहिल्या बल्बमधून गेल्यावर पुढे करंट कमी होईल की तेवढाच राहील? 38 मुलांपैकी तीसेक हात ‘कमी’ला. ‘सिरीजमध्ये करंट सगळीकडे सारखाच’ हे वाक्य त्याच मुलांनी आदल्या दिवशी वहीत लिहून घेतलं होतं. पहिला बल्ब थोडा करंट खातो, उरलेला दुसऱ्याला मिळतो, ही समजूत फार घट्ट असते. कितीही आकृत्या काढा, हलत नाही.

शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. वडील रापणकार, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे. त्याला म्हटलं, घरून जुनी दोरी आण. दुसऱ्या दिवशी तो पंचवीसेक मीटरचं वेटोळं खांद्यावर टाकून आला, खाऱ्या पाण्याचा वास वर्गभर पसरला. दोरीची दोन्ही टोकं जोडून एक मोठं कडं केलं. सगळी मुलं व्हरांड्यात गोल उभी राहिली, प्रत्येकाने अंगठा आणि बोट यांच्यामधून दोरी सैल धरली. मी बॅटरी. मी एका हाताने दोरी ओढत राहिले आणि दुसऱ्या हाताने पुढे सोडत राहिले.

पहिली गोष्ट मुलांनी लगेच पाहिली. मी ओढायला लागले त्याच क्षणी माझ्या समोरच्या, सगळ्यात लांबच्या मुलीच्या हातातली दोरीही सरकली. बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो त्याचं कारण हेच. तारेतले इलेक्ट्रॉन कुठून तरी धावत येत नाहीत, ते तारभर आधीपासून असतातच, सगळे एकदम हलतात. ते किती हळू हलतात हे मी नंतर फळ्यावर मांडून दाखवलं. 1 चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेतून 1 अँपिअर करंट जात असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम 0.07 मिलिमीटर पुढे सरकतात. तासाला वीतभर.

मग एका मुलीला सांगितलं, तू बल्ब, जरा घट्ट धर. दोरी मंदावली, आणि नुसती तिच्या पुढची नव्हे, सगळ्यांच्याच हातातली. तिच्या अलीकडच्या मुलाला विचारलं, तुझ्याकडे जास्त वेगाने जाते का? नाही. पलीकडच्याला विचारलं, कमी? नाही, तितक्याच. एवढ्यात ती ओरडली, “टीचर, हात लासता!” हात भाजतोय. बल्ब तापला. दुसऱ्या मुलालाही घट्ट धरायला लावलं, तेव्हा दोरी आणखी मंद झाली आणि माझे खांदे भरून आले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “करंट सोंपना, टीचरांची शक्त सोंपता.” करंट संपत नाही, टीचरची शक्ती संपते. करंट आणि ऊर्जा यांतला फरक मला याहून चांगला सांगता आला नसता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दोरी आणणारा तो मुलगा बॅटरी व्हायला पुढे आला. त्याने दोरी एका दिशेने ओढलीच नाही. पुढे-मागे, पुढे-मागे असे हिसके द्यायला लागला. मुलं हसली, गोंगाट झाला. पण बल्ब झालेली मुलगी म्हणाली, अजूनही हात लासतोच आहे. त्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, “दोरी खंयच वचना, तरी लासता. कशें?” दोरी कुठेच जात नाही, तरी भाजतं, हे कसं? घरातला एसी करंट म्हणजे हेच. सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतो, कुठेच पोहोचत नाही आणि तरी इस्त्री तापते. वर्षानुवर्षं शिकवूनही असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

त्याच क्षणी आमचे त्या वेळचे हेडमास्तर आले. त्यांना दिसला तो दोरीला हिसके देणारा मुलगा आणि हसणारा वर्ग. “हा सायन्सचा तास आहे की पीटीचा?” त्याला उरलेला तास वेगळा उभा केला. मला नंतर ऑफिसात बोलावून सांगितलं की खेळ प्रायमरीला ठीक, दहावीला पोर्शन महत्त्वाचा. लॉगबुकमध्ये शेरा पडला, वर्गात शिस्त नाही. शेऱ्याचं मला फारसं वाटलं नाही. पण मुलांसमोर मी गप्प बसले. ‘सर, त्याने आत्ता जे विचारलं ते ऐका तरी’ एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ते अजून सलतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच प्रश्नापासून तास सुरू केला. तो मान खाली घालून बसला होता, आणि त्या वर्षी त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

म्हणून तुम्हाला खेळांच्या यादीआधी हे सांगते, की खेळ घ्यायच्या आदल्या दिवशी वरिष्ठांना सांगून ठेवा. जमलं तर त्यांनाच गोलात उभं करा. आणि कुणी पोर्शनचं म्हणालं तर सरळ हिशेब मांडा. दोरीला वीस मिनिटं लागली. त्याआधीच्या वर्षांत याच एका मुद्द्यावर माझे दोन-दोन तास जायचे आणि तरी युनिट टेस्टला उत्तर चुकायचं. वेळ खेळामुळे जातो, असं म्हणणाऱ्यांनी तोच धडा तिसऱ्यांदा शिकवायला किती वेळ जातो तेही मोजावं.

बाकीचे खेळ थोडक्यात. अनुवंशिकतेला दोन नाणी घ्या. प्रत्येक नाणं म्हणजे एक पालक, छाप म्हणजे उंचीचा जनुक, काटा म्हणजे बुटकेपणाचा. दोन्ही काटे पडले तरच रोप बुटकं. प्रत्येक बाकाने 16 वेळा उडवायचं. नेमकं 12 ला 4 थोड्याच बाकांना मिळतं, काहींना 14 ला 2 येतं, ते भांडायला येतात. मग सगळ्या वर्गाची बेरीज करा, आकडा 3 ला 1 च्या जवळ सरकतो. त्यानंतर मेंडेलचे खरे आकडे लिहा, 787 उंच आणि 277 बुटकी. त्यालाही नेमकं 3 ला 1 मिळालं नव्हतं. मी आधी हे अर्ध्या चिंचोक्यांवर केलं होतं, पण अर्धा चिंचोका नाण्यासारखा सारखा पडत नाही, आमची बेरीज भलतीकडेच गेली.

आम्ल-आम्लारीला जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी. आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवं. खुणा न केलेल्या सहा वाट्या मांडा, लिंबू, व्हिनेगर, सोडा, साबण, चुन्याची निवळी, साधं पाणी. कुठली वाटी आम्ल, कुठली आम्लारी आणि कुठली यांतली काहीच नाही ते गटांनी ओळखायचं. वास घेऊन ओळखलं तर बाद. भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, आगळही आणतात मुलं. ते मुळातच आंबट, त्यामुळे रंग बदलायच्या आधी बराच सोडा घालावा लागतो आणि फेस भांड्याबाहेर येतो. तो येऊ द्या, उदासिनीकरण तिथेच चाललेलं असतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. दोरीने पॅरलल सर्किट, म्हणजे करंटला वेगवेगळ्या वाटा असलेलं, दाखवता येत नाही, त्याला दोन कडी लागतात आणि गुंता होतो. व्होल्टेजही नीट कळत नाही. खेळ झाल्यावर करंट मोजणारा खरा अमीटर बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे लावून दोन्ही आकडे मुलांकडूनच वाचून घ्या, नाहीतर दोरीवर विश्वास बसेल, तारेवर नाही. मार्क वाढतात असं मी म्हणणार नाही. गणितं सुटायला गणितंच सोडवावी लागतात. हेडमास्तरांचंही एक खरं होतं, शेजारच्या वर्गाला त्रास झाला होता, तिथल्या टीचरना मी आधी सांगायला हवं होतं.

दोरी नायलॉनची नको, हात खरंच सोलतात. सुती घ्या, करंगळीएवढी जाड. आणि गाठ मारू नका, फिरताना ती प्रत्येकाच्या बोटांवर आपटते. आमच्या पहिल्याच फेरीत मुलं कळवळली, तेव्हा त्या मुलाने गाठ सोडवली, दोन्ही टोकांचे पीळ उलगडले आणि एकमेकांत गुंफून पाच मिनिटांत अशी जोडली की जोड कुठे आहे ते हाताला लागेना. वर्गात रापणकाराघरचं कुणी असेल तर हे काम त्यालाच द्या.