लाल अक्षरं दिसली की हात थांबतो

पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की दरवर्षी तेच वाक्य कानावर येतं, ‘मॅडम, मला कोडिंग जमणार नाही.’ कारणंही ठरलेली असतात. शाळा मराठी माध्यमाची, घरी कधी कॉम्प्युटर नव्हता, गणित बेताचं. पालक आले तर आवाज खाली आणून विचारतात, ‘साइड बदलावी का?’ या सगळ्यांना एकत्र उत्तर द्यावं म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती बीसीएच्या पहिल्या वर्षाला होती. दहावीला चांगले गुण, हॉस्टेलवर एकटी. लॅबच्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा. आमच्या बऱ्याच भेटी झाल्या, पण गाठ सुटायला सुरुवात झाली ती एका साध्या प्रश्नाने.

“प्रोग्राम चालला नाही की तू नेमकं काय करतेस?”

“बंद करते. मग सगळं पुसून पहिल्यापासून टाइप करते. नाहीतर मैत्रिणीचं बघून उतरवते.”

“आणि स्क्रीनवर काय लिहिलेलं असतं?”

बराच वेळ उत्तर आलं नाही. “लाल असतं काहीतरी. इंग्लिशमध्ये. मी वाचत नाही. ते आलं की वाटतं, आपण इथले नाहीच.”

न जमण्याचं मूळ इथे होतं. माध्यम आणि गणित नंतर शोधलेली कारणं होती. घटना माणसाला जेवढी खचवत नाही तेवढा तिचा आपण लावलेला अर्थ खचवतो, हे विवेकनिष्ठ विचारपद्धतीचं सांगणं मला रोजच्या कामात पटत आलं आहे. लाल ओळ ही घटना आणि ‘मी इथली नाही’ हा तिचा अर्थ. हा अर्थ नुसत्या धीराच्या शब्दांनी हलत नाही. तो तपासून बघावा लागतो, आणि तपासायला समोर लाल ओळ लागते.

पुढच्या भेटीत टेबलावर लॅपटॉप होता. त्यात थॉनी, म्हणजे नवशिक्यांसाठीच बनवलेलं, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आत घेऊन येणारं मोफत सॉफ्टवेअर. तिने दोन विषयांच्या गुणांची बेरीज लिहायला घेतली. घाईत प्रिंटचं ‘प्रनिट’ झालं आणि खाली लाल ओळी उमटल्या. हात लगेच माऊसकडे गेला.

“थांब. फक्त शेवटची ओळ मोठ्याने वाच.”

“नेमएरर. नेम प्रनिट इज नॉट डिफाइन्ड. डिड यू मीन प्रिंट?”

“आता मराठीत सांग.”

“प्रनिट नावाचं काही माहीत नाही. तुला प्रिंट म्हणायचंय का?”

“यात तुझ्याबद्दल काय लिहिलंय?”

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा, ओठ हलवत. “माझ्याबद्दल... काहीच नाही.”

मला मात्र त्यानंतरची दहा मिनिटं जास्त मोलाची वाटतात. स्पेलिंग सुधारलं, प्रोग्राम चालला. तिने ४५ आणि ३८ दिले. उत्तर आलं ४५३८. या वेळी लाल काहीच नव्हतं, कॉम्प्युटरची काही तक्रार नव्हती, आणि उत्तर साफ चूक. मी गप्प राहिले. ती पुढे झुकली, आकडे बदलून बघितले. १ आणि २ दिले, १२ आले. “मॅडम, हा बेरीज करतच नाहीये. शेजारी शेजारी चिकटवतोय!” आवाजात भीती नव्हती, चोर सापडल्याचा आनंद होता.

तिने पकडलेली गोष्ट अगदी पायाची आहे. पायथनमध्ये ‘इनपुट’ने घेतलेली कुठलीही गोष्ट मजकूर म्हणून येते, आकडे असले तरी. मजकूर अधिक मजकूर म्हणजे जोडलेला मजकूर. म्हणून ‘इनपुट’भोवती ‘इंट’ लावून त्याची संख्या करावी लागते. तिने ते लावलं, ८३ आले.

मग मी तिला व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नाव मराठीत ठेवायला सांगितलं. पायथन ३ मध्ये ‘गुण’ हे नाव देवनागरीत चालतं. ‘इंट’ लावलेलं असेल तर वापरणाऱ्याने टाइप केलेले देवनागरी आकडेही संख्या म्हणून ओळखले जातात. कोडमध्ये थेट लिहायचे आकडे मात्र इंग्रजीच लागतात, नाहीतर सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याचा निरोप, येतो. परीक्षेत तिने अर्थातच इंग्रजी नावं वापरली. पण आपली लिपी त्या पडद्यावर चालते हे बघून मराठी माध्यमाचं कारण तिने पुन्हा काढलं नाही.

इंग्रजीची भीती मोजून बघावी. पायथनचे राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले ठरावीक इंग्रजी शब्द, ३५ आहेत, जुन्या सी भाषेचे ३२. त्यांतले पहिल्या सत्रात लागतात ते थोडेच. चुकांचे निरोपही पुन्हा पुन्हा तेच येतात: नेमएरर म्हणजे नाव ओळखीचं नाही, टाइपएरर म्हणजे मजकूर आणि संख्या यांची गल्लत, इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली. एक वही करा. निरोपाची शेवटची ओळ, चूक कुठल्या ओळीत होती आणि काय बदललं, एवढंच तिच्यात लिहा. थोड्याच दिवसांत जुन्याच नोंदी परत येताना दिसतील.

ओळीचा नंबर बघा, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. सीमध्ये अर्धविराम राहिला की कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशिनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, बरेचदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. पायथनच्या जुन्या आवृत्त्या न मिटलेल्या कंसाबाबत तेच करतात. दाखवलेली ओळ बरोबर वाटली तर तिच्या वरची तपासा.

दोन-तीन ओळी झाल्या की चालवून बघा. चाळीस ओळी लिहून मग चालवलं तर चूक चाळीस ओळींत शोधावी लागते. व्हॉट्सॲपवर किंवा वर्डमध्ये आलेला कोड उचलून चिकटवू नका. त्यातली अवतरणचिन्हं बरेचदा वळणदार होऊन येतात, पायथनला फक्त सरळ चालतात, आणि नजरेला फरक दिसत नाही. हाताने टाइप करा. फाइलला ‘टर्टल’ किंवा ‘रँडम’ असं नाव देऊ नका. मग त्याच नावाचं मॉड्यूल, म्हणजे पायथनसोबत येणारा तयार कोड, मागवताना पायथन तुमचीच फाइल उघडतो आणि भलतीच चूक दाखवतो. हुशार मुलंही इथे तासभर अडकतात.

घरी कॉम्प्युटर नसेल तर कागद घ्या. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, आणि ओळीओळीने किंमत बदलत न्या. १ ते १० म्हणून फेऱ्यांचे आकडे ठरवणाऱ्या ‘रेंज’ला १ आणि १० दिले तर फेरी ९ वरच थांबते, हे कागदावर एकदा करून बघितलेला पोरगा विसरत नाही. पालकांनी पहिल्या वर्षासाठी कर्ज काढून महागडा लॅपटॉप घेऊ नये. हा अभ्यास ४ जीबी रॅमच्या जुन्या मशिनवरही होतो. मुलांना गुणांपेक्षा ‘आज कुठली चूक सापडली?’ असं विचारा.

साइड बदलायचा निर्णय एक सत्र असं काम केल्यावर घ्यावा. तेव्हाही मन नसेल तर जरूर बदला, त्यात कमीपणा नाही. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कोडिंगचा प्रश्न बाजूला ठेवून आधी कॉलेजच्या समुपदेशकाला गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. हा फोन दिवसरात्र चालू असतो.