झेनर डायोड व्होल्टेज स्थिर कसा ठेवतो? तो कुठे वापरतात?

साधा डायोड उलटा जोडला की करंट अडवतो, आणि व्होल्टेज फार वाढलं तर बहुधा जळतो. झेनर मात्र उलटा जोडण्यासाठीच बनवलेला असतो. ठरावीक व्होल्टेजला तो वाहू लागतो आणि त्यानंतर करंट बराच वाढला तरी त्याच्या टोकांमधलं व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं.

पण सिरीजमध्ये रेझिस्टर हवाच, नाहीतर झेनर गेलाच समजा. उदाहरणार्थ, १२ व्होल्टवरून ५.१ व्होल्ट हवेत, लोडला (म्हणजे जोडलेल्या उपकरणाला) २० मिलिअँपिअर आणि झेनरला ५ लागतात. म्हणजे रेझिस्टरवर पडणारे उरलेले ६.९ व्होल्ट भागिले एकूण २५ मिलिअँपिअर, साधारण २७६ ओहम. बाजारात मिळणारा २७० घ्या. लोड काढला तर सगळा करंट झेनरमधून जातो, म्हणून त्याची वॅटेज त्या स्थितीसाठी तपासा. इथे ०.१३ वॅट होते, अर्ध्या वॅटचा झेनर आरामात चालेल.

आत काय घडतं? सुमारे ५ व्होल्टच्या खाली इलेक्ट्रॉन पातळ जंक्शन (डायोडमधल्या दोन भागांचा सांधा) थेट पार करतात (हा खरा झेनर परिणाम), त्याच्या वर अ‍ॅव्हलांच, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन धडकून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करत जातात. तापमानाचा परिणाम दोन्हींत उलट असतो, त्यामुळे ५.६ व्होल्टच्या आसपासचे झेनर बऱ्यापैकी स्थिर असतात.

वापर: रेफरन्स व्होल्टेज, मॉसफेटच्या (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) गेटचं, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाचं संरक्षण, सिग्नलची टोकं छाटणं. जास्त करंटचा पॉवर सप्लाय मात्र नुसत्या झेनरवर करू नका. उष्णताच फार होते, तिथे रेग्युलेटर आयसी बरा.