पाच विजय, एकतीस पराभव: हरणाऱ्या टीमच्या मॅचेसना लोक का जातात?

प्रश्न असा आहे की महिलांच्या प्रोफेशनल बास्केटबॉलमध्ये एखादी टीम अख्खा सीझन हरतच असेल तर प्रेक्षक कशाला जातात, आणि त्या टीम पुढच्या वर्षी चांगली खेळाडू मिळावी म्हणून मुद्दाम हरतात का.

मी असा एक सीझन जवळून बघितलाय म्हणून लिहिते. 2022, अमेरिकेतली इंडियाना फीवर ही टीम, 5 विजय 31 पराभव. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या बास्केटबॉल लीगमध्ये, याहून वाईट पण झालंय, 2011 ला टल्सा शॉक ही टीम 34 पैकी 3 जिंकली होती आणि मधे सलग 20 हरली होती, पण ते मी पाहिलेलं नाही.

आम्ही तेव्हा कोलंबसला राहायचो, इंडियानातलं कोलंबस, ओहायोतलं नाही (पुण्यातल्या कमिन्स या इंजिन कंपनीच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही, निम्मं कोथरूड तिथे जाऊन आलंय). नवरा सकाळी ऑफिसला, माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, लेक नऊ वर्षांची आणि उन्हाळ्याची सुट्टी. शाळेत असताना मी बास्केटबॉल खेळायचे, बरी नव्हते पण खेळायचे. इंडियानापोलिस तासाभरावर आणि तिकिटं इतकी स्वस्त की मल्टिप्लेक्सला गेलो असतो तर पॉपकॉर्नसकट जास्त गेले असते. म्हणून गेलो. टीम वाईट आहे हे माहीत होतं, किती वाईट ते माहीत नव्हतं.

थोडा मागचा हिशोब सांगते नाहीतर कळणार नाही. ही टीम काही कायमची रडकी नव्हती. तमिका कॅचिंग्स ही त्यांची स्टार असताना 2005 ते 2016 सलग बारा वर्षं प्लेऑफला (सीझननंतर वरच्या टीममध्ये होणाऱ्या बाद फेऱ्या), 2012 ला मिनेसोटाला हरवून चॅम्पियन. 2016 ला ती रिटायर झाली आणि घसरण सुरू, 2021 ला तर 6 विजय 26 पराभव. आता इथे ड्राफ्टचा नियम येतो, म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडू निवडायचा पहिला नंबर कुणाचा हे लॉटरीने ठरतं आणि लॉटरीत जास्त चान्स असतो तो तळाच्या टीमला. 2022 च्या लॉटरीत सगळ्यात जास्त चान्स फीवरचा होता, तरी पहिला नंबर लागला वॉशिंग्टनला, त्यांनी तो अटलांटाला देऊन टाकला आणि अटलांटाने राइन हॉवर्डला घेतलं जी पुढे त्या वर्षीची बेस्ट रूकी (पहिल्या वर्षाची खेळाडू) झाली. म्हणजे हरून हरून जे मिळवायचं तेही हातातून गेलं.

मग फीवरने काय केलं तर पहिल्या फेरीतच चार पोरी उचलल्या, नलिसा स्मिथ, एमिली एंगस्टलर, लेक्सी हल, क्वीन एग्बो, आणि दुसऱ्या फेरीत डेस्टॅनी हेंडरसन. बारा जणींच्या टीममध्ये पाच नव्या कोऱ्या. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना कळेल की एक नवीन असलं तर बाकीचे सांभाळून घेतात, पाच असले की सांभाळायचं कुणी? कोच मरियन स्टॅनलींना मे महिना संपायच्या आत काढलं, नऊ मॅचमध्ये दोन विजय होते तेव्हा, मग असिस्टंट कार्लोस नॉक्स यांच्या हातात टीम दिली.

आता प्रत्यक्ष बघताना कसं वाटायचं. वरचे मजले रिकामे. इतकं शांत की बुटांचा चुईंचुईं आवाज वरपर्यंत यायचा, एकमेकींना ओरडून काय सांगतात ते शब्द न् शब्द ऐकू यायचे (लेकीने दोन शब्द तिथूनच उचलले, घरी गाडीत लेक्चर द्यावं लागलं). काही मॅचेस बटलर युनिव्हर्सिटीच्या हिंकल फील्डहाऊसला झाल्या, ते 1928 चं जुनं हॉल आहे, मला तर मोठ्या स्टेडियमपेक्षा तेच आवडलं, आपल्या जुन्या तालमीत शिरल्यासारखं वाटतं.

आणि हरणं म्हणजे दर वेळी धुलाई असं नव्हतं. तीन क्वार्टर बरोबरीत चालायचं आणि मग चौथ्यात सहा-सात मिनिटं काहीतरी व्हायचं, एक पास चुकला की दुसरीने घाईत शॉट मारायचा, तोवर समोरची टीम पळत जाऊन दोन बास्केट करून यायची. डिफेन्स गळका, बोलणंच नाही आपापसात. लेकीला तर नंतर नंतर आधीच कळायचं, माझ्याकडे बघून म्हणायची, आई सुरू झालं. जूनमध्ये शिकागोला हरवलं, आदल्या वर्षीचे चॅम्पियन होते ते, आम्हाला वाटलं चला गाडी रुळावर आली. तो शेवटचा विजय. तिथून सीझन संपेपर्यंत सलग 18 हरले. अठरा!

मुद्दाम हरतात का? माझं मत सांगते. ऑफिसात बसणाऱ्यांना हरण्याचं फारसं दुःख नसावं, ते पुढच्या तीन वर्षांचा विचार करतात. पण कोर्टवरच्या पोरी? शक्यच नाही. तेव्हा लीगमध्ये बारा टीम, प्रत्येकी जास्तीत जास्त बारा जणी, म्हणजे सगळी मिळून 144 नोकऱ्या. खाली दुसरी छोटी लीग नाही की जा तिथे तयार होऊन ये. पहिल्या चारात निवडलेल्या रूकीचा पगार तेव्हा वर्षाला 72 हजार डॉलर होता, प्रवासही साध्या विमानाने, सहा फूट चार इंचाची बाई मधल्या सीटवर. असल्या ठिकाणी जी मुद्दाम हरेल तिला पुढच्या वर्षी कोण ठेवेल? आणि झालंही तसंच, एंगस्टलर आणि हेंडरसनला 2023 चा सीझन सुरू व्हायच्या आधीच नारळ दिला, एग्बोला त्याच वर्षी मधेच वॉशिंग्टनला पाठवलं. एग्बो माझ्या लेकीची फेवरेट, कारण काय तर नावातच क्वीन आहे. ती दोन दिवस नीट जेवली नाही, लेक म्हणजे.

आता गंमत ऐका, ही मला सगळ्यात जास्त टोचते. लॉटरीचे चान्सेस एका वर्षाच्या नाही तर दोन वर्षांच्या एकत्र रेकॉर्डवर ठरायचे. 2022 नंतर फीवरला इतिहासात पहिल्यांदा पहिला नंबर लागला, त्यांनी अलियाह बॉस्टन घेतली. 2023 ला ते 13-27 (विजय-पराभव), म्हणजे फिनिक्स (9-31) आणि सिएटल (11-29) त्यांच्याही खाली होते. एकट्या त्या वर्षाचं धरलं असतं तर चान्सच्या यादीत फीवर तिसरी. पण 2022 चे ते 31 पराभव बेरजेत आले, दोन वर्षं मिळून 18-58 झालं, परत सगळ्यात जास्त चान्स त्यांनाच आणि परत पहिला नंबर, आणि यावेळी तिथे उभी होती कॉलेजमध्ये प्रचंड गाजलेली केटलिन क्लार्क. मग काय, 2023 ला मॅचला सरासरी चार हजार लोक यायचे ते 2024 ला सतरा हजार. टीम 20-20, आठ वर्षांनी प्लेऑफ. म्हणजे त्या अठरा पराभवांची किंमत दिली एंगस्टलर, एग्बो, हेंडरसनने आणि जेवायला बसले दुसरेच. कुणी चुकलं असं मी म्हणत नाही, नियमच तसा, पण मला ते पटत नाही ते नाहीच.

एकच जण या सगळ्यात सुरुवातीपासून होती, केल्सी मिचेल. 2018 ला आली, दुसऱ्या नंबरवर निवडलेली. 2018 ते 2023 या सहा सीझनमध्ये टीम 49 जिंकली आणि 149 हरली (मी बसून बेरीज केलीये), चार कोच बघितले आणि एकही प्लेऑफ नाही. 2022 ला टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट तिचेच, शेवटी पायाच्या दुखापतीने बाहेर बसावं लागलं. सोडून जायला कारणं होती, गेली नाही. 2025 ला क्लार्क बहुतेक सीझन जखमी होती तेव्हा हिनेच टीमला सेमीफायनलपर्यंत ओढत नेलं.

मग आम्ही का जायचो? खरं सांगू, पहिल्या महिन्यात स्वस्त म्हणून, आणि नंतर सवय लागली म्हणून. सोसायटीतल्या एखाद्या काकूंचं दुखणं सुरू असलं की आपण रोज जाऊन विचारतो ना, आज कसं आहे, तसं झालं होतं. जिंकतील असं वाटून कुणी जात नव्हतं. एंगस्टलरने आज किती रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) घेतले, हलला किती मिनिटं मिळाली, एवढ्यावर गाडीत तासभर गप्पा व्हायच्या. आमच्या मागच्या रांगेत एक म्हातारं जोडपं असायचं, 2012 ची फायनल बघितलेलं, ते हरलो तरी शेवटपर्यंत बसायचे आणि उठताना लेकीला म्हणायचे, रविवारी भेटू. लोक लवकर उठून जायचे ते फक्त पार्किंगसाठी.

2024 ला आम्ही परत एकदा गेलो. तिकिटाचे भाव बघून नवऱ्याने दोनदा विचारलं नक्की ना. मिळाली ती सगळ्यात वरची जागा, तोच मजला जो 2022 ला रिकामा असायचा. तिथून खेळाडू मुंगीएवढ्या दिसतात. आजूबाजूला सगळ्यांच्या अंगात क्लार्कचा 22 नंबरचा टीशर्ट, आणि माझी अकरा वर्षांची लेक स्केचपेनने शून्य काढलेला साधा पांढरा टीशर्ट घालून बसलेली, मिचेलचा नंबर शून्य आहे. शेजारच्या बाईंनी विचारलं हे काय ओ आहे का, तुझ्या नावाचं पहिलं अक्षर? लेकीने त्यांना 2018 पासून सांगायला सुरुवात केली, पहिला क्वार्टर संपला तरी तिचं 2021 च चालू होतं.